हमामातला भोगवटादार

…आणि का ते विचारायचं नाही. म्हणजे बघा, नियमाचे भाग दोन. एक, घरातल्या मुलींनी हमामाच्या दाराला हात लावायचा नाही. दोन, का ते विचारायचं नाही. आता मला सांगा, पहिला भाग एखादं लेकरू ऐकून घेईल, घाबरेल, गप्प बसेल. पण हा दुसरा भाग कुणाला सुचला असेल? ज्याच्याकडं उत्तर नसतं त्यालाच सुचतो ना?

आमचे बडे अब्बा. फारूख नाव त्यांचं, माझ्या अब्बांचे थोरले भाऊ, आणि आमच्या घरातलं सगळ्यात वरचं कोर्ट. त्यावर अपील नाही. खुर्चीत मागं रेलायचे, दाढीवरून हात फिरवायचे आणि आवाज असा खोल विहिरीतून काढायचे, "शाइस्ता बेटी, उधर जिन है. सवाल नक्को." संपलं. बडे अब्बांनी "सवाल नक्को" म्हटलं की अब्बा मान हलवणार, अब्बांनी मान हलवली की फुप्पी, म्हणजे आमची आत्या, हलवणार, आणि या दोघांना मान हलवताना बघून बडे अब्बांना वाटणार, बघा, सगळ्या घराला पटलं.

हमाम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं न्हाणीघर आलं असेल. तसलं नाही हो. जुना, दगडी, बादशाही काळातला. वर घुमट, घुमटांना चांदण्यांच्या आकाराची भोकं, त्यातून उजेडाचे तुकडे खाली फरशीवर पडतात, भिंतीतून खापराच्या नळ्या गेलेल्या, त्यातून म्हणे गरम पाणी खेळायचं. शहागंजच्या मागं आमची गल्ली आहे ना, तिथं आमच्या घराच्या भिंतीला भिंत लावून उभा आहे. कधीकाळी वाटसरू तिथं अंघोळीला यायचे, नवरदेव यायचे. मग नहरीचं पाणी आटलं, गिऱ्हाईक आटलं, हमाम बंद पडला आणि वारसानं आमच्या घराकडं आला. उन्हाळ्यात बाहेर कातडं सोलून निघतंय आणि आत गारवा. बाहेर हॉर्न, भाजीवाले, लग्नाचे डीजे, आणि आत टाचणी पडली तरी ऐकू येईल.

आणि भिंतीच्या अलीकडं आम्ही. दोन खोल्या आणि त्यात माझे अब्बा, तौफिक, लोकांचे मिक्सर दुरुस्त करतात. घरातच. दुरुस्त झाला की नाही हे बघायला तो चालवून बघावा लागतो ना? मग घर्रर्र. नाही झाला तर पुन्हा उघडायचा, पुन्हा घर्रर्र. कोपऱ्यात मेहरुन्निसा फुप्पी. ही सिल्लोडला दिलेली, पण राहते इथंच, आणि तिचा फोन कायम स्पीकरवर, कारण कानाला लावला की म्हणे कान गरम होतो. म्हणजे एका कानात सिल्लोडच्या अख्ख्या गल्लीचं बाळंतपण आणि दुसऱ्या कानात मिक्सर, आणि मधे मी राज्यघटना घेऊन बसलेली. मूलभूत हक्क वाचतेय. घर्रर्र. कलम एकोणीस, घर्रर्र. "अगे सुन, उसकू लडकीच हुई क्या?" घर्रर्र.

तर मी बीए झाले, स्पर्धा परीक्षा द्यायची ठरवली आणि एकदा हिंमत करून बडे अब्बांपुढं उभी राहिले. म्हटलं, हमाम रिकामा आहे. आपण तो झाडून काढू, चार सतरंज्या टाकू, मुलींची अभ्यासिका करू. गल्लीत माझ्यासारख्या कितीतरी आहेत. ती शेजारची तबस्सुम पोलीस भरतीचा अभ्यास जिन्यावर बसून करते, येणारा-जाणारा तिच्या पुस्तकावरून पाय टाकून जातो. औरंगपुऱ्यातल्या अभ्यासिका लांब पडतात, आणि अंधार पडायच्या आत घरी या म्हणतात, म्हणजे तिथं पोचायचं, पुस्तक उघडायचं, मिटायचं आणि निघायचं.

बडे अब्बांनी दाढीवरून हात फिरवला. "उधर जिन है."

मी म्हटलं, "मग असू द्या की. जिनला अभ्यासाचं काय वावडं आहे?"

"सवाल नक्को."

फुप्पीनं फोन खाली ठेवला. फुप्पी फोन खाली ठेवते म्हणजे मामला गंभीर. "जवान लडकी के बाल खुले देखे तो जिन आशिक हो जाता, मालूम? फिर छोडताच नै जिंदगीभर."

म्हटलं, "फुप्पी, मग माझ्यासाठी स्थळं बघणं तर थांबवा. एवढं पक्कं स्थळ भिंतीला लागून असताना."

अब्बा हसले, बडे अब्बांनी बघितलं, अब्बांनी मिक्सर चालू केला. झाली सुनावणी.

आणि तुम्हाला सांगते, जिन कोण आहे ते मला शाळेपासून माहीत होतं. जिन घुटुर्र घुटुर्र करतो का? जिनसाठी बडे अब्बांच्या कुर्त्याच्या खिशात बाजरी लागते का? रविवारी सकाळी हमामाच्या गच्चीवरून काठीला फडकं बांधून जिन उडवतात का? कबुतरं हो, कबुतरं. शिराजी, लक्का, गिरेबाज, काय काय नावं त्यांची. बडे अब्बांचा अर्धा जीव त्यांच्यात. आणि बडे अब्बांचा मुलगा, अल्तमश, शाळेत असल्यापासून त्याच्या करगोट्याला हमामाची किल्ली. त्याला जिन काही करत नाही. जिनला बारावी नापास झालेले चालतात, बीए झालेल्या नको.

मी काही बोलले नाही. लक्षात ठेवलं.

परीक्षा दिली. पूर्वपरीक्षा थोडक्यात गेली. निकालाच्या दिवशी बडे अब्बा माझ्या समोर अब्बांना म्हणतात, "तौफिक, मैं बोला था ना? लडकियों का ध्यानच नै लगता." ध्यान. माझं ध्यान. भिंतीपलीकडं कबुतरं शांततेत अंडी उबवतायत आणि माझं ध्यान लागत नाही.

मी काही बोलले नाही. लक्षात ठेवलं.

आणि मग एका सकाळी हमामाच्या दारावर नोटीस चिकटलेली. पालिकेची. आता आमच्या घरात सरकारी मराठी वाचणारी मी एकटी. बडे अब्बा बाजारातली मराठी फर्डी बोलतात, पण 'ज्याअर्थी' आणि 'त्याअर्थी' यांच्यामधे सापडले की माणूस घामाघूम. मला हाक. आणि हाक कशी? मधात बुडवलेली. "शाइस्ता बेटी, जरा पढ तो."

मी वाचली. एवढं हळू मी आयुष्यात काही वाचलं नाही. चहा मागवला, चष्मा पुसला, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. "सदर ऐतिहासिक वास्तू… दीर्घकाळ… वापरात नसल्याने… व मालकांनी निगा न राखल्याने… सार्वजनिक प्रयोजनासाठी… संपादित करण्याचे… योजिले आहे."

"मतलब?"

"मतलब पालिका हमाम घेणार. जतन करणार, लोकांना बघायला खुला करणार. तुम्ही द्या न द्या, कायद्यानं घेणार. हरकत असेल तर सांगा म्हणतायत."

"ऐसा कैसा लेते? खाली पडेला है क्या? हमारे कबू…" आणि थांबले. अहाहा. तो शब्द घशात अर्धा अडकलेला असताना बडे अब्बांचा चेहरा तुम्ही बघायला पाहिजे होता. मी अगदी गरीब चेहरा करून विचारलं, "तुमचे काय, बडे अब्बा?" म्हणाले, "सवाल नक्को." पण आवाज विहिरीतून नाही आला या वेळी. बादलीतून आला.

मग पंचनाम्याला पुंडलिकराव आले. पालिकेचे कर्मचारी, फुलंब्रीहून रोज येणं-जाणं, बगलेत फाईल, हातात मोजायची टेप, मानेवर ओला रुमाल. म्हणाले, "दार उघडा, आतलं माप घ्यायचंय."

आता गल्लीच्या मते कबुतरं गच्चीवर राहायची, दार उघडलं तर आत दिसणार. म्हणजे इतकी वर्षं अख्ख्या गल्लीला सांगितलेला जिन खोटा, आणि गल्ली तर सगळी दारात जमलेली. बडे अब्बा दाराला पाठ लावून उभे. "नै खुलता."

"का?"

"अंदर रहते कोई."

पुंडलिकरावांनी लगेच पेन काढलं. "भोगवटादार हाय व्हय? आधी सांगायचं ना. नाव?"

"नाम नै मालूम. एक बुजुर्ग हैं."

"वय?"

"होंगे चारशे-पाचशे बरस के."

पुंडलिकरावांनी पेनाला टोपण लावलं. दाराकडं बघितलं. मग आवाज खाली आणून, "जिन म्हंता ते? आमच्याकडं मुंजा असतो तसं का?"

"वैसाच समजो."

"आमच्या फुलंब्रीला पिंपळावर मुंजा हाय. माझ्या आज्याच्या आधीपासून हाय. पण त्याच्या नावावर जागा नाय लागली अजून. यांचं नाव पीआर कार्डाला लागलंय का?"

तेवढ्यात आतून घुटुर्रर्र. पुंडलिकराव चार पावलं मागं, थेट भाजीच्या गाड्यावर. "लई मोठाय का ओ?"

आणि आमचे अब्बा. माणूस लई सरळ. खोटं बोलायचं ठरवलं तरी मधेच खरं निसटतं. म्हणाले, "नै नै, छोटे छोटे हैं. चालीस होंगे."

बडे अब्बांनी अब्बांकडं असं बघितलं की, तुम्हाला सांगते, मिक्सर हातात असता तर अब्बांनी तो चालूच केला असता. पण पुंडलिकरावांनी टोपण काढलं होतं. प्रामाणिक माणूस, ऐकलं ते लिहिलं. "आत भोगवटादार असल्याचे मालक सांगतात. संख्या अंदाजे चाळीस. प्रत्यक्ष भेट झाली नाही."

मग काय, कागद एकदा चालायला लागला की त्याला कोण थांबवतं? तेच बडे अब्बांची हरकत म्हणून नोंदलं गेलं आणि थोड्या दिवसांनी पत्र आलं. मीच वाचून दाखवलं, हळूहळू, चहा पीत. आपल्या हरकतीवरील सुनावणीआधी स्थळपाहणी होईल, तरी आपण सर्व भोगवटादारांसह वास्तूत उपस्थित राहावे.

फुप्पीनं जिनपासून बचावाला कुराणातली आयतुल कुर्सी पुटपुटायला घेतली. बडे अब्बा वकिलाकडं धावले. वकिलानं पत्र वाचलं, चष्मा काढला, डोळे पुसले, रडत होता की हसत होता ते अब्बांना कळलं नाही म्हणे. म्हणाला, "जिन काढा आणि माणसं घाला. नोटिशीचा सगळा जोर 'वापरात नाही' यावर आहे. वापर दाखवा. लोकांच्या उपयोगाचा वापर असेल तर तुमच्या हरकतीत दम येतो."

घरी बैठक बसली. बडे अब्बा, अब्बा, फुप्पी. लोकांच्या उपयोगाचा वापर. कुणाला काही सुचेना. इतकी वर्षं लोकांचा उपयोग कधी डोक्यात आला नव्हता तर एका दुपारी कसा येणार? मी स्वयंपाकघरात भांडी घासतेय, कान इकडं. आणि फुप्पी म्हणते, "अगे वो शाइस्ता का था ना कुछ. पढने का."

बडे अब्बांची खुर्ची करकरली. "हौ. अभ्यासिका."

शब्द बघा. माझ्या तोंडून निघाला तेव्हा त्या शब्दाला जिन लागत होता. बडे अब्बांच्या तोंडून निघाला तर एकदम समाजकार्य. मला बाहेर बोलावलं. शेजारी बसवलं. बडे अब्बांनी मला शेजारी कधी बसवलं होतं हे मला आठवत नाही. म्हणाले, "साहब लोग आयेंगे. तू बोलना, इधर लडकियाँ रोज पढने आती, मैं चलाती ये अभ्यासिका. इतनाच बोलना. बोलेगी ना?"

मी काही बोलले नाही.

आणि इथं त्यांची चूक झाली, ऐका. आमच्याकडं लग्नात मुलीला विचारतात, कबूल आहे का, आणि ती लाजून खाली बघत राहिली की एखादी म्हातारी सांगते, चूप है, मतलब हां. पिढ्यान्‌पिढ्यांची सवय. पोरगी गप्प म्हणजे पोरगी राजी. मी गप्प बसले, तर बडे अब्बा अब्बांना म्हणाले, "देख, मान गई." फुप्पीनं माझ्या डोक्यावरून बोटं मोडली. माझं कडाकडा मोडलेलं भविष्य कुणाला ऐकू गेलं नाही. मी लक्षात ठेवत होते हो. लक्षात ठेवणारा माणूस बाहेरून अगदी लाजल्यासारखाच दिसतो.

तयारी सुरू. मंगल कार्यालयातून टेबलं-खुर्च्या आल्या, खुर्च्यांना लग्नातले लाल सॅटिनचे बो तसेच. फरशी धुतली, कितीतरी वर्षांची विष्ठा घमेल्यांनी काढली, वर उदबत्त्या लावल्या. दारावर फ्लेक्स. केवढा फ्लेक्स. मधोमध बडे अब्बा, अल्तमशच्या लग्नातला फोटो, गॉगलसकट. वर मोठ्या अक्षरात 'फारूख साहब मुलींची अभ्यासिका'. खाली शुभेच्छुक म्हणून अल्तमश आणि त्याचे सगळे दोस्त, गोल गोल चौकटीत, प्रत्येकाचा हात हनुवटीखाली. मुलींच्या अभ्यासिकेच्या फलकावर एक मुलगी नाही. माझं नाव? शोधलं मी. छापणाऱ्याचा मोबाईल नंबर होता, माझं नाव नव्हतं.

मी काही बोलले नाही. लक्षात ठेवलं.

आता राहिली कबुतरं. त्यांचं काय करायचं? अल्तमश कन्नडला असतो, उसाच्या गाड्यांचं काम बघतो. तो जीप घेऊन आला. खुराडी भरली, वर पोती टाकली, बडे अब्बांनी एकेकाच्या डोक्यावरून हात फिरवला, डोळ्यांत पाणी. म्हणाले, "दो दिन की बात है." आणि जीप गेली कन्नडला.

आता तुम्ही म्हणाल, चांगली युक्ती. पण थांबा. ही कबुतरं कुठली? बडे अब्बांनी स्वतः शिकवलेली. गल्लीतल्या कुणालाही विचारा, बडे अब्बा चहाच्या टपरीवर छाती ठोकून काय सांगतात? "मेरे कबूतर कू जालन्यात छोडो, परभणीत छोडो, चाय ठंडी होने से पहले वापस." सगळं आयुष्य ज्या गोष्टीची फुशारकी मारली, तीच गोष्ट त्या दिवशी विसरले. कारण ते कबुतरांचा विचारच करत नव्हते. मोठी माणसं कशी असतात, माहितीये? त्यांना वाटतं आपण एखाद्याला उचलून कन्नडला ठेवलं की तो तिथं राहतो.

पाहणीचा दिवस उजाडला. खुर्च्यांवर मुली बसवल्या. मुली म्हणजे काय, फुप्पी पहिल्या खुर्चीवर, मागं दोन भावजया, एकीच्या कडेवर लेकरू. आणि शेवटच्या टेबलावर तबस्सुम. तिला बोलावलं नव्हतं कुणी. ती आपली पुस्तकं घेऊन स्वतःच आली. माझ्या कानात म्हणाली, "खरंच सुरू होणार का गं?" मी काय सांगणार? ती बसली, वरच्या चांदणीतून उजेड बरोब्बर तिच्या वहीवर पडला, आणि वाचायला लागली. लग्नाच्या त्या सगळ्या खुर्च्यांत ती एकटी खरंच वाचत होती.

आणि पालिकेच्या बाई आल्या. मोनिका खरात. मी धरून होते की कुणीतरी टक्कल पडलेले साहेब येतील. तर माझ्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी मुलगी, साधी वेणी, खांद्याला पर्स, मागं पुंडलिकराव फाईल छातीशी धरून, हळूच वर घुमटात बघत. तुम्हाला सांगते, मला जे व्हायचं होतं ते माझ्यासमोर चपला काढून आत येत होतं.

बाईंनी चौफेर बघितलं. फुप्पीपाशी थांबल्या. "मावशी, कोणत्या परीक्षेची तयारी?"

फुप्पीनं पुस्तकातून डोकं वर काढलं. माझंच जुनं भूगोलाचं पुस्तक, उलटं. "तलाठी."

"या वयात?"

"हौ ना. तलाठी होके मेरे ससुराल में जाके बैठती. सिल्लोडच देना मेरेकू."

खरात बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. आणि नेमका तेव्हा वरच्या भोकातून फडफड. एक लक्का आत शिरलं, घुमटात एक गोल घेतला आणि ऐटीत फुप्पीच्या टेबलावर उतरलं. कन्नडहून थेट. अल्तमशनं सकाळी खुराड्याचं दार पाणी ठेवायला उघडलं होतं म्हणे. मग दुसरं. मग चार. मग आकाशच फाटलं. चांदणी-चांदणीतून कबुतरं गळायला लागली, दमलेली, आनंदलेली, आणि सगळी बडे अब्बांच्या खांद्यावर, डोक्यावर, बाजरीच्या खिशावर. पंखांची धूळ, सॅटिनच्या लाल बोंवर पांढरे ठिपके. पुंडलिकराव बोटानं मोजायला लागले, मोजता मोजता त्यांचा चेहरा उजळत गेला. "मॅडम, चाळीस. पंचनाम्यात लिवलंय बघा, चाळीसच हायत."

गल्ली दारात उभी. बडे अब्बा डोक्यावर शिराजी घेऊन उभे. इतक्या वर्षांचा जिन असा सगळ्यांसमोर दाणे टिपतोय.

पण खरात बाई भल्या होत्या. म्हणाल्या, "जुन्या वास्तूत कबुतरं असतातच. ते मी धरत नाही. मला एवढंच सांगा, मुली इथं रोज अभ्यासाला येतात का?" आणि माझ्याकडं वळल्या. "तुम्ही चालवता असं वकिलांनी हरकतीला जोडून दिलंय. चालवत असाल तर मी तसा शेरा देते. मीही असल्याच अभ्यासिकेत बसून इथवर आलेय. चालू अभ्यासिका बंद पाडायला मला आवडणार नाही." मग पुंडलिकरावांना घेऊन भिंतीतल्या नळ्या बघायला गेल्या. मला विचार करायला वेळ दिला म्हणा ना.

म्हणजे बघा, माझ्या एका 'हो'वर हमाम राहत होता. बडे अब्बांना कळलं ते. कबुतरं झटकत माझ्यापाशी आले. आणि आयुष्यात पहिल्यांदा तो आवाज ना विहिरीतला ना बादलीतला, साध्या म्हाताऱ्या माणसाचा. "हां बोल दे बेटी. सच में चला. सब लडकियाँ पढो. मैं जबान देतौं."

मी तबस्सुमकडं बघितलं. तिनं पान उलटलं. आणि खरं सांगते, तोंडात 'हो' आला होता. सगळं लक्षात ठेवलेलं एका बाजूला सारून आला होता. फक्त म्हटलं, एकदा विचारून घेऊ.

"किल्ली कुणाकडं राहणार, बडे अब्बा?"

त्यांना नवल वाटलं. "मेरे पासच ना. घर में बडा कौन है? तुम लोग माँग लेना."

"आणि रविवारी?"

"इतवार कू तो कबूतर उडाते."

"आणि बाकीच्या दिवशी ही कबुतरं?"

"उनो पहले से रहते इधर," अगदी समजावून सांगितल्यासारखं म्हणाले. "थोडा तुम लोग सँभाल लेना."

खरात बाई परत आल्या. "मग काय लिहू?"

मी म्हटलं, "लिहा, इथं अभ्यासिका नाही. कधी नव्हती. ही टेबलं मंगल कार्यालयाची आहेत, दारावरचा फलक कालचा आहे आणि ह्या आमच्या फुप्पी आहेत. मी हमाम अभ्यासाला मागितला होता, मिळाला नाही. इथं कबुतरं राहतात आणि कबुतरांचे मालक येतात. पालिकेनं घ्यावा. माझी हरकत नाही."

बाईंनी पेन उघडलं. मग लिहिलं. पेनाचा आवाज घुमटात घुमत होता. बडे अब्बांनी तोंड उघडलं, "शाइस्ता, सवा…" आणि अडकले. कारण आत्ता मी सवाल विचारला नव्हता, उत्तर दिलं होतं. आणि उत्तर नक्को असं म्हणायची सवय त्यांच्या जिभेला नाही. त्यांनी अब्बांकडं बघितलं. अब्बांनी या वेळी मान हलवली नाही. फुप्पीनं भूगोल मिटला. तबस्सुमनं वह्या गोळा केल्या, चपला घातल्या आणि जाता जाता मला म्हणाली, "थांबायचं ना गं थोडं. एवढा धडा तरी संपला असता."

त्या दिवसापासून आमच्या घरात कुणी माझ्याशी बोलत नाही. आणि मी आहे म्हणून एकमेकांशीही बोलत नाहीत. बडे अब्बा खुर्चीत भिंतीकडं तोंड करून. फुप्पीनं फोन स्पीकरवरून काढला, कानाला लावते, गरम झाला तरी. अब्बा मिक्सर उघडून बसतात, पण चालवून बघत नाहीत, तसेच बांधून ठेवतात. इतकी शांतता, तुम्हाला सांगते, इतकी शांतता की घड्याळाचा काटा सरकलेला ऐकू येतो. मी मधोमध बसते, राज्यघटना उघडते, मूलभूत हक्क काढते…

एक ओळ डोक्यात जात नाही हो.